क्रेनच्या पायाशी

लोकांच्या हातून पाण्यात वस्तू पडतात, या एका गोष्टीवर माझं कॉलेज उभं राहणार होतं. मोबाइल, चष्मे, गाडीच्या किल्ल्या, अंगठ्या. एकदा तर एका आजोबांची कवळी. ती मी वर आणून दिली तेव्हा त्यांनी शर्टाला पुसून तिथल्या तिथे तोंडात बसवली आणि मग माझ्याशी घासाघीस सुरू केली. कवळी नसती तर एवढं बोलता आलं नसतं, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. मामानं मला दटावलं आणि पाठ फिरवून खांदे हलेपर्यंत हसला.

मला पाण्याखालची कामं शिकायची होती. नुसतं पोहणं नव्हे. पोहायला काय, बदकंही पोहतात. पुलाचे खांब तपासणं, जहाजाच्या तळाला वेल्डिंग करणं, बंधाऱ्याच्या दारात अडकलेलं सोडवणं, असली कामं. ती शिकवणारं कॉलेज आमच्या गावापासून दिवसभराच्या प्रवासावर होतं आणि त्याच्या दोन अटी होत्या. पहिल्या वर्षाची फी एकरकमी, आणि पन्नास बुड्यांची नोंदवही. प्रत्येक बुडीची तारीख, जागा, खोली, वेळ, काय पाहिलं, काय केलं, आणि खाली दोर धरणाऱ्याची सही. दोर धरणारा नसेल तर ती बुडी मोजतच नाहीत. मोजूही नये. वर कुणीतरी दोर धरून उभं असल्याशिवाय आमच्या धंद्यात कोणी पाण्यात पाय घालत नाही.

माझा दोर मामा धरायचा. तो स्वतः याच कॉलेजात शिकलेला, पाच वर्षं बंदरांवर काम केलेला. मग कानाचा पडदा फाटला आणि पाण्याखाली जाणं कायमचं बंद झालं. तेव्हापासून तो आमच्याकडेच राहतो. पुढच्या खोलीत त्याचं दुकान आहे, तिथे तो कॉम्प्रेसर दुरुस्त करतो आणि हवेची नळकांडी भरून देतो. बाबा मी चार वर्षांची असताना गेले, त्यामुळे मला शिकवलं, रागावलं, लाडावून ठेवलं, सगळं मामानंच. मला तो पाणकोंबडी म्हणतो. मी कितीही चिडले तरी म्हणतो.

नोंदवहीच्या बाबतीत मात्र त्याला थट्टा चालत नसे. मी लिहिलेली ओळ न ओळ वाचल्याशिवाय सही करायचा नाही. एकदा मी कंटाळून खोली अंदाजानं ठोकून दिली, तर त्यानं वही माझ्या अंगावर फेकली. "हे तू कॉलेजसाठी लिहीत नाहीस," तो म्हणाला. "तुझ्यामागून जो उतरणार आहे त्याच्यासाठी लिहितेस. तो हे वाचून उतरणार. तू खोटं लिहिलंस तर त्याचा जीव जाईल, आणि तुला कळणारही नाही." मी तोंड फुगवून ती ओळ खोडली आणि दुसऱ्या दिवशी परत उतरून खोली मोजली.

आईला यातलं काहीच पसंत नव्हतं. ती रुग्णालयाच्या धुलाईखात्यात चादरी इस्त्री करते. मी घरात ओला पोशाख वाळत घातला की तिचा चेहरा उतरायचा. गावाबाहेरच्या दगडाच्या खाणीकडे तर ती कधी फिरकत नसे. पलीकडच्या वस्तीत जायचं झालं तरी लांबचा वळसा घालून जायची. पाण्याची भीती असते काही लोकांना, असं मी धरून चालले होते.

माझी निम्मी कमाई त्या खाणीवरच होती. फार वर्षांपूर्वी खाण बंद पडली, पंप काढून नेले आणि तिच्यात पाणी भरलं. दगड उचलायची एक लोखंडी क्रेन तळाशी तशीच राहिली. सुट्टीच्या दिवशी लोक काठावर बसायला येतात, फोटो काढतात आणि हातातलं पाण्यात पाडतात. बाकीच्या दिवशी मी सकाळी पोरांना पोहायला शिकवायचे आणि दुपारी इमारतींच्या पाण्याच्या टाक्या आतून घासायचे. टाकी घासून बाहेर आलं की डोक्यापासून पायापर्यंत शेवाळाचा वास येतो आणि बसमध्ये शेजारची जागा रिकामी राहते. एवढं करून फी निम्मीसुद्धा जमली नव्हती. त्रेचाळिसाव्या बुडीच्या सुमारास मी अगदी रडकुंडीला आले होते.

तेव्हा फरशीवाले आले.

गावात अर्ध्या घरांमध्ये त्यांच्या दुकानाची फरशी आहे. साठीचा माणूस, कपडे कडक इस्त्रीचे, बोलणं मऊ. मामा कुणाकडे तरी कॉम्प्रेसर पोचवायला गेला होता आणि दुकानात मी एकटीच होते. त्यांनी खुर्ची रुमालानं पुसली आणि बसले.

"खाणीत क्रेन आहे, तिच्या पायाशी आमचं एक पिंप आहे," ते म्हणाले. "जुन्या मशीनचे भाग आहेत. विम्याची भानगड आहे, तुला नाही कळायची. वर काढायचं नाही, हात लावायचा नाही. पंधरवड्यातून एकदा जायचं, साखळी आणि कुलूप जागेवर आहे ना ते बघायचं, आणि वर किती पाणी आहे ते मला सांगायचं."

"बस, एवढंच?"

"एवढंच." आणि त्यांनी जो आकडा सांगितला त्यात माझ्या वीस टाक्या घासून झाल्या असत्या.

मी मामाला सांगितलं तेव्हा तो व्हॉल्व्ह उघडून बसला होता. हातातला पाना त्यानं खाली ठेवला.

"हे काम नको."

"का?"

"नको म्हटलं ना."

"मग फी तू भरतोस?" मी विचारलं. हे बोलायला नको होतं. कानाच्या उपचारात त्याचं होतं नव्हतं ते गेलं होतं, आणि मला ते माहीत होतं. पण माझी जीभ अशीच आहे, आधी चालते आणि मग विचार करते. मामानं पाना परत उचलला. मग म्हणाला, "नुसतं बघायचं. हात लावायचा नाही." फरशीवाल्यांचेच शब्द त्यानं जसेच्या तसे उच्चारले, आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही.

पहिल्यांदा उतरले तेव्हा पिंपावर चौदा मीटर पाणी होतं. दहाच्या खाली खाणीत पाणी हिरवं राहत नाही, काळंच होतं. दिव्याच्या उजेडात हातभर दिसतं, त्यापलीकडे काही नाही. क्रेनचा पाय चाचपडत खाली गेले. पिंप आडवं पडलेलं होतं, गाळात अर्धं रुतलेलं. त्याला साखळीचे दोन वेढे आणि मुठीएवढं कुलूप. कुलूप गंजून एकजीव झालेलं. मी दोराला एक हिसका दिला, म्हणजे सगळं ठीक. नेहमी मामाचा उलट हिसका लगेच येतो. त्या दिवशी तो आला नाही. मी पुन्हा हिसका दिला. दोर माझ्या कमरेला ताठ बसला होता, कुणीतरी दोन्ही हातांनी गच्च आवळून धरल्यासारखा. तिसऱ्यांदा दिला तेव्हा कुठे उत्तर आलं.

वर आल्यावर मी त्याला झापलं. झोपला होतास का, म्हटलं. एरवी त्यानं मला चार शब्द परत सुनावले असते. तो नुसता "चुकलं" म्हणाला आणि दोर गुंडाळायला लागला. त्याच्या तळहातांवर दोराचे लाल वळ उठले होते.

फरशीवाले काठापासून लांब, गाडीतच बसून होते. मी चौदा म्हणून सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि काच वर घेतली.

त्या वर्षी नगरपालिकेनं नव्या रस्त्याच्या कामासाठी खाणीचं पाणी उपसायला सुरुवात केली होती. काठावर दोन पंप दिवसभर धडधडायचे. पुढच्या खेपेला पिंपावर अकरा मीटर पाणी होतं, त्याच्या पुढच्या खेपेला आठ. मी आकडा सांगितला की फरशीवाले तो हलक्या आवाजात स्वतःशीच पुन्हा म्हणायचे. आठ म्हटल्यावर त्यांनी मला पाकिटासोबत एक पेनही दिलं, चांगल्यापैकी, शाईचं. "अभ्यासाला," म्हणाले. मी ते दुकानातल्या डब्यात टाकलं आणि मामानं ते डब्यातून काढून कुठेतरी नाहीसं केलं. मी विचारलं तर म्हणाला, गळत होतं.

घरात काहीतरी बिनसलं होतं, हे कळायला मी काही लहान नव्हते. मामा जेवताना बोलेनासा झाला. आई एकदा स्वयंपाकघरात त्याच्याशी दबक्या आवाजात भांडत होती आणि मी आत गेले तशी दोघं गप्प झाली. माझ्याच कॉलेजवरून भांडत असणार, असं मी समजले. जगातली सगळी भांडणं आपल्यावरूनच होतात असं वाटण्याचं माझं वय होतं.

कॉलेजच्या अर्जासोबत नोंदवहीच्या प्रती जोडायच्या होत्या, म्हणून मी झालेल्या बुड्यांच्या प्रती काढायला झेरॉक्सवाल्या काकूंकडे गेले. त्यांचं दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. एक मशीन, एक स्टूल आणि काकू. त्यांचा नवरा एकवीस वर्षांपूर्वी धंद्यातली रक्कम घेऊन परागंदा झाला, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. तो फरशीवाल्यांचा भागीदार होता. दुकानाच्या पाटीवर आधी दोन नावं होती. दुसऱ्या नावावर रंग मारला तरी ऊन तिरकं पडलं की ते अजून वाचता येतं. काकूंचे दागिने त्या वर्षी रक्कम भरून द्यायला गेले. त्यांनी स्वतः विकले आणि पैसे फरशीवाल्यांच्या हातात नेऊन दिले.

"पाण्याखाली भीती नाही वाटत?" पानं लावता लावता त्यांनी विचारलं.

"वर जास्त वाटते," मी म्हटलं.

त्या हसल्या. "आमचे हे तर बादलीतल्या पाण्याला घाबरायचे. परत आले ना कधी, तर आधी दारात उभं करून आंघोळ घालणार आहे." हे त्या गेली एकवीस वर्षं म्हणत असाव्यात, वाक्य अगदी गुळगुळीत झालं होतं. माझ्याकडून त्यांनी निम्मेच पैसे घेतले, कारण मी शिकणारी मुलगी.

एकोणपन्नासावी बुडी गुरुवारी होती. फी भरायची शेवटची तारीख सोमवार. पिंपावर जेमतेम पाच मीटर पाणी उरलं होतं आणि सकाळचं ऊन पहिल्यांदाच तिथपर्यंत पोचत होतं. दिवा लावायची गरज पडली नाही. एवढे दिवस मी सांगितल्याप्रमाणे साखळी आणि कुलूप तेवढं बघत आले होते. आता पिंपाच्या मागची बाजूही दिसत होती. साखळी नुसती वेढे घेऊन थांबत नव्हती. तिच्यातून एक जाड नायलॉनचा दोर काढून तो क्रेनच्या पायाला बांधला होता. त्यावर बोटभर शेवाळ. नायलॉन सडत नाही. गाठ कशी आहे ते बघावं म्हणून मी शेवाळ अंगठ्यानं पुसलं.

मामा डावखुरा आहे. त्याच्या गाठीचा फास इतरांच्या उलट अंगाला पडतो, आणि उरलेलं शेपूट तो दोराच्या पिळातून दोनदा ओवतो. एकदा पुरतं, तो दोनदा ओवतो. मी त्याला कितीदा चिडवलं असेल की तू गाठ मारतोस की वेणी घालतोस. ही सवय त्याची एकट्याची. मीसुद्धा कधी उचलली नाही. क्रेनच्या पायाला तीच गाठ होती. उलट अंगाचा फास, आणि शेपूट पिळातून दोनदा.

माझ्या कमरेला त्या घटकेला जो दोर होता, त्यावरही तीच गाठ होती. मी खाली मान घालून ती पाहिली. मग पुन्हा समोरची पाहिली. श्वास इतक्या जोरात चालू झाला की बुडबुड्यांच्या आवाजानं कान भरले. मी खूप घाबरले. पिंपाला नाही, वर दोर धरून जो उभा होता त्याला घाबरले, आणि तसं वाटल्याची लगेच लाजही वाटली. तीन हिसके दिले, म्हणजे वर घे. त्यानं मला हळूहळू, नेहमीसारखं जपून वर घेतलं.

काठावर फरशीवाले गाडीतून उतरून उभे होते. मी पाच म्हटलं. त्यांनी या वेळी आकडा परत म्हटला नाही.

"पलीकडे उत्तरेला खोल खड्डा आहे," ते म्हणाले. "तिथलं पाणी उपसून संपायचं नाही. हवेच्या पिशव्या बांधून पिंप उचलायचं आणि तिकडे सोडायचं. तुला जमेल. उद्या सकाळी. तुझी उरलेली फी मी परस्पर भरतो, पावती तुझ्या हातात देतो."

मी मामाकडे पाहिलं. तो दोर गुंडाळत होता.

"मामाला काय विचारतेस?" फरशीवाले हसले. "त्याच्या वेळी पण मीच भरली होती. तुमच्या घरातल्या मुलांच्या शिक्षणाचं पुण्य माझ्याच वाट्याला आलंय बघ."

गाडी गेल्यावर मी मामासमोर उभी राहिले. "गाठ तुझी आहे," मी म्हटलं.

त्यानं नाही म्हटलं नाही. दोराच्या वेटोळ्यावरच खाली बसला.

"मी तुझ्याएवढाच होतो," तो म्हणाला. "फी भरायला चार दिवस उरले होते. पहाटे यायला सांगितलं त्यांनी. भंगाराचं पिंप आहे, नगरपालिकेचा दंड चुकवायचाय, म्हणाले. तराफ्यावरून पाण्यात लोटलं, मी मागून उतरलो आणि बांधून आलो. आत काय आहे ते मी विचारलं नाही. खरं सांगायचं तर विचारायचंच नव्हतं."

"मग कळलं कधी?"

"खालीच कळलं. बांधायला म्हणून पिंप वळवलं, तर आतलं वजन घसरलं. लोखंड असं घसरत नाही." तो आपल्या हातांकडे बघत होता. "दोन दिवसांनी गावात बोलायला लागले, भागीदार पळाला म्हणून. तोवर माझी फी भरून झाली होती."

माझ्या डोळ्यांसमोर झेरॉक्सवाल्या काकू आल्या. त्यांच्याकडून मी निम्म्या पैशात प्रती काढून आणल्या होत्या, आणि त्या प्रतींमध्ये तीन वेळा लिहिलेलं होतं: क्रेनच्या पायाशी पिंप, साखळी व कुलूप जागेवर. ती पानं काकूंनी स्वतःच्या हातानं मशीनवर ठेवली होती.

"उद्या मी दोर धरणार नाही," मामा म्हणाला. "तू उतरणार नाहीस. घरी चल. जे पाहिलंस ते वहीत लिही. गाठीसकट लिही. मी सही करतो आणि वही घेऊन चौकीत जातो."

घरी आई दुपारच्या पाळीला निघायच्या तयारीत होती. मला वाटलं, उद्याचं काम मोडलं हे ऐकून तिला बरं वाटेल. म्हणून मी एवढंच म्हटलं, "आई, खाणीचं काम सोडलं मी. उद्या उतरायचं होतं, पण मामा दोर धरायला नाही म्हणतोय."

आईनं पिशवी खांद्यावरून उतरवली. माझ्याकडे न बघता विचारलं, "वर किती पाणी आहे?"

जन्मात कधी खाणीकडे न फिरकलेली बाई. मी काय बघायला उतरत होते हे मी घरात तिला सांगितलंच नव्हतं.

"पाच मीटर," मी म्हटलं.

"म्हणजे तीन आठवड्यांत उघडं पडेल," आई म्हणाली. ती खुर्चीवर बसली, पदराला हात पुसले, खरं तर ते ओले नव्हते. "त्यानं नाही धरला तर दोर मी धरते. मला येतं धरता. उद्या जाऊन ते आणखी खोल सोडून ये आणि परवा कॉलेजला निघ. परत इथे येऊ नकोस."

वर कुणीतरी दोर धरून उभं असल्याशिवाय आमच्या धंद्यात कोणी उतरत नाही. पहाटेची वेळ, एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा, कुणाला सांगायची सोय नाही. कोण उभं राहणार होतं त्याच्यासाठी? मोठी बहीण. हे मला खाणीच्या काठावरच समजायला हवं होतं, पण मी मामाच्या गाठीतच अडकून बसले होते.

"ताई, मी चौकीत चाललोय," मामा म्हणाला.

मी टेबलाशी बसून वही उघडली. लिहायला घेतलं. तारीख, वेळ, खोली पाच मीटर. नायलॉनचा दोर. गाठ डावखुरी, शेपूट पिळातून दोनदा ओवलेलं; अशी गाठ माझे मामा मारतात.

आई मागे येऊन उभी राहिली आणि तिनं ते वाचलं. "ते पान फाड," ती म्हणाली.

"नाही."

"तुझं वर्ष जाईल."

"जाऊ दे."

"तुझा मामा जाईल."

मामानं वही माझ्यासमोरून ओढून घेतली, ओठ हलवत सगळं वाचलं आणि सही केली.

"आणि मी?" आईनं विचारलं. आवाज चढवला नाही. भाजी संपली का, असं विचारावं तसं विचारलं. "मी तिथे होते. पिंप लोटताना आत काही घसरलं, तो आवाज मी ऐकला. मी एकवीस वर्षं त्या बाईच्या दुकानावरून जात नाही. मी काय करू?"

"तू नव्हतीस," मामा म्हणाला. "तू तिथे नव्हतीसच, ताई." त्यानं चपला घातल्या. आई कामाला गेली नाही. आम्ही निघालो तेव्हा ती तशीच, पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

चौकीतल्या साहेबांनी पहिली दहा मिनिटं आम्हाला वेड्यात काढलं. मग वही वाचली. मग उठून दार लावून घेतलं आणि पुन्हा वाचली. फोन झाले, दोन शिपाई खाणीकडे गेले. मामानं सगळं सांगितलं, न अडखळता, बऱ्याच वर्षांपासून पाठ केल्यासारखं. साहेब दोन बोटांनी टाइप करत होते. वही त्यांनी एका पाकिटात घातली आणि पाकिटावर क्रमांक टाकला.

"ही परत कधी मिळेल?" मी विचारलं. "माझ्या कॉलेजला प्रवेशाच्या वेळी मूळ वही लागते."

"खटला संपला की."

"किती दिवस लागतात?"

"दिवस?" साहेब म्हणाले, आणि त्यांनी माझ्याकडे जरा दयेनं पाहिलं. माझ्या एकोणपन्नास बुड्या त्यांच्या कपाटात गेल्या. रडू आलं, ते मी आवरलं नाही. लोक कशाकशासाठी रडत होते आणि मी वहीसाठी रडत होते, पण खरं तेच होतं.

साहेब पुन्हा मामाकडे वळले. "पाण्यात उतरलात तेव्हा वर कोण होतं?"

"फरशीवाले."

"ते कळलं. तुमचा दोर? पोरीच्या वहीत पानोपानी लिहिलंय, दोर धरणारा म्हणून. तेव्हा कुणी धरला होता?"

"कुणी नाही," मामा म्हणाला. "एकटाच उतरलो."

त्याला खोटं बोलताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. समोरच्या भिंतीवर पंख्याचं बटण होतं, त्याकडे बघत राहिला. साहेबांची बोटं थांबली. त्यांना काहीतरी खटकलं होतं. त्यांनी खुर्ची माझ्याकडे फिरवली.

"तू याच कामातली ना? माणूस असा एकटा उतरतो का? बिनदोराचा?"

मला वाटलं, या माणसाला धंद्यातलं ओ की ठो कळत नाही. मी जे सांगेन ते तो लिहिणार, आणि पुढे सगळे ते वाचून चालणार. घरी आई खुर्चीवर बसली असेल. झेरॉक्सवाल्या काकूंना अजून कुणी काही सांगितलं नसेल. त्या मशीनवर कुणाची तरी पानं लावत असतील. मामाचा हात गुडघ्यावर होता आणि तळव्यावर सकाळच्या दोराचा वळ होता.

"उतरतो," मी म्हटलं. "पैशांची गरज असली की उतरतो."

साहेबांनी मान डोलावली आणि टाइप करायला घेतलं. पान झाल्यावर त्यांनी ते माझ्यासमोर सरकवलं आणि सही कुठे करायची ते बोटानं दाखवलं. मी सही केली.